प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू : आपली चिठ्ठी, आपली जबाबदारी

आमच्या दवाखान्यात आलेल्या एका रुग्णेच्या प्रश्नापासून या लेखास आरंभ करणे आम्हास उचित वाटते. वय अंदाजे पंचावन्न, शेतमजुरीवर उदरनिर्वाह, आठ वर्षांचा मधुमेह. मूत्रदाह आणि वारंवार लघवीस जावे लागणे या तक्रारी घेऊन त्या प्रथम आल्या, तेव्हा आम्ही पाच दिवसांचे सिप्रोफ्लॉक्सासिन लिहून दिले. आराम पडला. दोन महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा उद्भवली; आम्ही नॉरफ्लॉक्सासिन लिहिले. तिसऱ्या खेपेस सेफिक्झिम. तीनही वेळा लघवीचे कल्चर करून घ्यावे, असे मनात येऊन गेले. परंतु तपासणीचा खर्च, त्यापायी बुडणारी मजुरी आणि 'यानेच गुण येईल' हा आमचा फाजील विश्वास, यांमुळे ते राहून गेले. चौथ्या खेपेस त्या आल्या त्या थंडी वाजून ताप, उलट्या व कटिशूल घेऊन, दोघांच्या आधाराने. आम्ही त्यांना तत्काळ जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविले. तेथील खासगी रुग्णालयात तिसऱ्या दिवशी कल्चरचा अहवाल आला. जिवाणू नेहमीचाच, ई. कोलाय, परंतु आम्ही वापरलेल्या तीनही औषधांपुढे 'आर' हे अक्षर छापलेले होते. शिरेवाटे दिलेल्या मेरोपेनेमने त्या वाचल्या. मात्र त्यासाठी घरची दुभती म्हैस विकावी लागली.

बऱ्या झाल्यानंतर त्या कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, गोळ्या तर मी समद्या घेतल्या हुत्या. मग ह्ये कशानं झालं?”

त्या प्रश्नात आरोप नव्हता, म्हणूनच तो आम्हास अधिक लागला. त्या दिवशी त्यांना समजेल अशा भाषेत आम्हास उत्तर देता आले नाही. पुढे पुस्तके चाळली, सूक्ष्मजीवशास्त्राच्या जाणकारांशी चर्चा केली. त्यातून जे उमगले ते वैद्यबंधु-भगिनींपुढे आणि औषध विक्रेत्यांपुढे साध्या शब्दांत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय आपला कसा?

'अँटिबायोटिक हा आधुनिक वैद्यकाचा विषय. वैद्यांनी त्यात का पडावे?' असे काही ज्येष्ठ मित्र आम्हास विचारतात. केवळ शुद्ध आयुर्वेदीय चिकित्सा करणाऱ्यांविषयी आम्हास नितांत आदर आहे. परंतु वस्तुस्थिती अशी की, महाराष्ट्र शासनाच्या २५ नोव्हेंबर १९९२ च्या अधिसूचनेने राज्यातील पात्र नोंदणीकृत आयुर्वेद पदवीधरांना आधुनिक औषधे लिहिण्याची मुभा मिळाली. खेडोपाडी ताप आलेला रुग्ण प्रथम ज्याच्या दारात जातो, तो बहुधा आपल्यापैकीच कोणीतरी असतो. ज्या लेखणीतून प्रतिजैविक उतरते, तिच्यावर त्याच्या परिणामांचीही जबाबदारी येते.

या परिणामांचा आवाका लहान नाही. 'लॅन्सेट' या नियतकालिकात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार, २०१९ या एका वर्षात जिवाणूंच्या प्रतिरोधामुळे थेट झालेल्या मृत्यूंची संख्या सुमारे १२ लाख ७० हजार होती. आणि सुमारे ४९ लाख ५० हजार मृत्यूंशी प्रतिरोधी जिवाणूंचा संबंध होता.

सवय कोणाला लागते?

'त्या गोळीची आता शरीराला सवय झाली', हे वाक्य आपण रुग्णांच्या तोंडून नेहमी ऐकतो. कधी आपणही बोलून जातो. सर्व गैरसमजाचे मूळ येथे आहे. प्रतिजैविकाची सवय रुग्णाच्या शरीरास लागत नाही. प्रतिरोध निर्माण होतो तो जिवाणूत. म्हणूनच ज्याने आयुष्यात एकही प्रतिजैविक घेतलेले नाही, अशा व्यक्तीसही दुसऱ्याकडून आलेल्या प्रतिरोधी जिवाणूची बाधा होऊ शकते.

शेतकरी रुग्णांना हे समजावताना आम्ही कपाशीचा दाखला देतो. बीटी कपाशीस भारतात २००२ साली परवानगी मिळाली. प्रारंभी बोंडअळी मरत असे. परंतु लक्षावधी अळ्यांत एखादी अशी असतेच, की जिला ते विष बाधत नाही. बाकीच्या मेल्या, ही उरली, आणि तिचीच प्रजा वाढत गेली. २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कपाशीच्या बोंडांतही थैमान घातले, हे सर्वांच्या स्मरणात आहे. बियाण्याबरोबर मिळणारे बिगर-बीटी बी बांधाच्या कडेने पेरावे, म्हणजे औषधास दबणाऱ्या अळ्याही टिकून राहतील, अशी सूचना होती. ती फार थोड्यांनी पाळली.

जिवाणूंचेही नेमके असेच घडते. अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची एक पिढी सुमारे वीस मिनिटांत तयार होते. कोट्यवधींत एखादा जिवाणू नैसर्गिक बदलामुळे औषधास पुरून उरतो. औषध त्याला जन्मास घालत नाही. त्याचे प्रतिस्पर्धी मारून त्याला मोकळे रान करून देते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पोटात घेतलेली गोळी केवळ रोगस्थानी जात नाही. ती आतड्यातील निरुपद्रवी, किंबहुना उपकारक जिवाणूंपर्यंतही पोहोचते. मूत्रमार्गाचा संसर्ग करणारे जिवाणू बहुधा आतड्यातूनच तेथे येतात. आमच्या रुग्णेने तीन वेळा सर्व गोळ्या प्रामाणिकपणे घेतल्या. प्रत्येक वेळी मूत्रमार्ग तात्पुरता स्वच्छ झाला, परंतु आतड्यात औषधाला न दबणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण वाढत गेले. शिवाय नॉरफ्लॉक्सासिन हे सिप्रोफ्लॉक्सासिनचेच भावंड. एकास न जुमानणारा जिवाणू दुसऱ्यासही बहुधा जुमानत नाही. आम्ही औषध बदलले असे आम्हास वाटले. वास्तविक केवळ नाव बदलले होते.

जिवाणूंच्या चार युक्त्या

औषध निष्प्रभ करण्याचे जिवाणूंचे मुख्य मार्ग चार आहेत.

पहिला, औषध तोडणे. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला. आणि पेनिसिलिन तोडणाऱ्या विकराचे वर्णन १९४० सालीच, म्हणजे ते औषध सर्वत्र वापरात येण्यापूर्वीच, प्रसिद्ध झाले होते. पुढे सेफॅलोस्पोरिन गटातील प्रबळ औषधेही तोडणारे विकर आले. अहवालात 'ईएसबीएल' ही अक्षरे दिसतात, ती त्यांचीच खूण होय.

दुसरा, लक्ष्य बदलणे. औषध ही किल्ली मानली, तर जिवाणू कुलूपच बदलून टाकतो. मेथिसिलिन हे औषध १९५९ साली आले आणि त्यास न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस १९६१ साली इंग्लंडमधून नोंदविला गेला. तोच आजचा 'एमआरएसए'. तिसरा मार्ग दार लावून घेण्याचा. औषध आत येण्याची छिद्रेच कमी केली जातात. चौथा, आत आलेले औषध पंपाने पाणी उपसावे तसे बाहेर फेकण्याचा.

याहून चिंतेची बाब अशी की, ही विद्या जिवाणू एकमेकांस देतात. प्लाझ्मिड नावाचे जनुकद्रव्याचे लहानसे वर्तुळ एका जिवाणूतून दुसऱ्यात, प्रसंगी निराळ्या जातीच्या जिवाणूतही जाते. आणि एकाच प्लाझ्मिडवर चार-पाच औषधगटांविरुद्धची जनुके असू शकतात. २००८ साली स्वीडनमधील एका भारतीय वंशाच्या रुग्णात कार्बापेनेम गटासही तोडणारा विकर आढळला. हा रुग्ण पूर्वी नवी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता. म्हणून त्या विकरास 'एनडीएम-१' असे नाव पडले. नावावरून आपल्याकडे बराच वाद झाला. परंतु २०११ साली दिल्लीतील साचलेल्या पाण्यात आणि नळाच्या काही नमुन्यांतही त्याचे जनुक सापडल्याचे प्रसिद्ध झाले, ही बाब नावापेक्षा अधिक गंभीर होती. जनपदोद्ध्वंसाच्या विवेचनात उदकदुष्टीचा विचार शिकलेल्या वैद्यास तिचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आंत्रिक ज्वराचा धडा

आपल्या नित्य परिचयाच्या टायफॉइडचा, म्हणजे आंत्रिक ज्वराचा इतिहास पाहिला की पुढचे चित्र स्पष्ट होते. १९४८ साली क्लोरॅम्फेनिकॉलने या व्याधीवर विलक्षण गुण दाखविला. १९७२ साली केरळातील कालिकत येथे, तसेच मेक्सिकोत, या औषधास न दबणाऱ्या टायफॉइडच्या साथी आल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन व कोट्रायमोक्साझोल ही तीनही औषधे आपल्या देशात अनेक ठिकाणी निकामी ठरू लागली. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आले. तेही काही वर्षांतच दुबळे पडले. आज भिस्त मुख्यतः सेफ्ट्रायझोन, सेफिक्झिम व अ‍ॅझिथ्रोमायसिन यांवर आहे. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या टायफॉइडने तर सेफॅलोस्पोरिनही निरुपयोगी केले. तेथे पोटात घेण्याजोगे अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि इंजेक्शनरूपात कार्बापेनेम, एवढेच मुख्य आधार उरले.

या इतिहासात एक आशेची गोष्टही आहे. क्लोरॅम्फेनिकॉलचा वापर जवळजवळ थांबल्यावर, काही वर्षांनी अनेक ठिकाणचे टायफॉइडचे जिवाणू त्यास पुन्हा दबू लागले. अर्थात प्रत्येक जिवाणूच्या बाबतीत असे घडेलच, असे नाही.

आता आपल्या बाह्यरुग्ण विभागाकडे पाहू. तापाचा तिसरा दिवस, विडाल चाचणी 'पॉझिटिव्ह', आणि लगेच चौदा दिवसांचे प्रतिजैविक. हे दृश्य कोणास अपरिचित आहे? एकट्या विडालवर विसंबून टायफॉइडचे निदान करणे धोक्याचे आहे. पूर्वीचा संसर्ग, पूर्वी घेतलेली काही प्रकारची लस, एवढेच नव्हे तर अन्य ज्वरांतही ती होकारार्थी येऊ शकते. शक्य तेथे पहिल्या आठवड्यात, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, रक्ताचे कल्चर घेणे हाच विश्वासार्ह मार्ग होय.

क्षयाच्या बाबतीत तर आपली चूक अधिक महाग पडते. मुंबईतील धारावी परिसरातील खासगी डॉक्टरांना क्षयाची चिठ्ठी लिहावयास सांगितली असता, १९९१ च्या पाहणीत सुमारे शंभर डॉक्टरांनी ८० निरनिराळे औषधक्रम लिहिले होते. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी २०१० साली तशीच पाहणी प्रसिद्ध केली. १०६ डॉक्टरांनी ६३ औषधक्रम लिहिले. बिनचूक चिठ्ठी लिहिणारे अवघे सहा होते. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या रुग्णास थुंकीच्या तपासणीविना लेव्होफ्लॉक्सासिन देणे, ही त्यातलीच एक घातक सवय. त्याने क्षय काही काळ दबतो, निदान लांबते, आणि प्रतिरोधी क्षयासाठी राखून ठेवावयाचे शस्त्र बोथट होते.

कल्चरचा अहवाल कसा वाचावा?

हा भाग आम्हीही उशिरा शिकलो, म्हणून थोडा विस्ताराने देत आहोत.

१. नमुना औषध सुरू करण्यापूर्वी घ्यावा. लघवीचा असल्यास स्थानिक स्वच्छतेनंतर मधल्या धारेचा, निर्जंतुक डबीत, आणि लवकरात लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा.

२. वाढलेल्या जिवाणूंची संख्या व प्रकार पाहावेत. लघवीत एका मिलिलिटरमागे एक लाख वा अधिक संख्या ही सामान्यतः अर्थपूर्ण मानतात. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकत्र वाढले असतील, तर नमुना दूषित झाल्याची शंका घ्यावी.

३. लक्षणे नसताना केवळ अहवालात जिवाणू दिसले म्हणून औषध देऊ नये. गर्भिणी, तसेच मूत्रमार्गावरील काही शस्त्रकर्मांपूर्वीचे रुग्ण हे याला मुख्य अपवाद होत.

४. 'एस' म्हणजे नेहमीच्या मात्रेत औषध लागू पडण्याची शक्यता. 'आर' म्हणजे लागू न पडण्याची शक्यता अधिक. 'आय' हे अक्षर दिसल्यास मात्रा व रोगस्थान यांचा विचार करून, तज्ज्ञाचा सल्ला घेऊनच निर्णय करावा.

५. 'एमआयसी' हा आकडा, म्हणजे जिवाणूची वाढ रोखणारी औषधाची किमान मात्रा. ज्या औषधापुढे सर्वांत लहान आकडा ते सर्वांत उत्तम, असा अर्थ मात्र कदापि घेऊ नये. प्रत्येक औषधाची मर्यादारेषा निराळी असते. दोन औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहणे म्हणजे तोळ्याची तुलना मैलाशी करण्यासारखे आहे.

६. 'एस' असलेल्या औषधांतून रोगस्थानी पोहोचणारे, व्याप्ती कमीत कमी असलेले आणि रुग्णास सोसवणारे औषध निवडावे. सर्वांत भारी ते सर्वांत योग्य नव्हे.

आमच्या रुग्णेच्या अहवालात नायट्रोफ्युरँटॉइनपुढे 'एस' होते. १९५३ पासून वापरात असलेले हे स्वस्त औषध. मूत्रपिंडापर्यंत पोहोचलेल्या, रक्तात पसरलेल्या संसर्गात त्याचा उपयोग नव्हता. परंतु वृक्कांचे कार्य ठीक असताना, केवळ मूत्राशयापुरता दाह होता तेव्हा त्याने काम भागले असते. पहिल्या वेळी नाही तरी, तक्रार परतली तेव्हा कल्चर केले असते, तर कदाचित म्हैस गोठ्यातच राहिली असती.

चिठ्ठी लिहिण्यापूर्वी

'डॉक्टर, जरा स्ट्राँग द्या, उद्या कामावर जायचंय', या आग्रहापुढे टिकणे सोपे नाही, हे आम्ही अनुभवाने जाणतो. आपण न दिल्यास रुग्ण समोरच्या दवाखान्यात जाईल, ही भीतीही खोटी नाही. तथापि सर्दी, बहुतेक घसादुखी, साधा खोकला आणि मुलांतील बहुतेक पातळ जुलाब हे विषाणुजन्य असतात. प्रतिजैविकाचा विषाणूवर काडीइतकाही परिणाम होत नाही. तिसऱ्या दिवशी आलेला उतार हा रोगाच्या स्वाभाविक गतीचा असतो, श्रेय मात्र गोळीस मिळते. पुढच्या वेळी रुग्ण तीच गोळी मागतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य ज्वर व विषाणुजन्य श्वासनलिकादाह यांत प्रतिजैविक टाळण्यास सांगितले आहे. त्वचा व मृदु ऊतींच्या संसर्गास पाच दिवस, रुग्णालयाबाहेर झालेल्या न्यूमोनियास पाच दिवस, आणि रुग्णालयात झालेल्या न्यूमोनियास आठ दिवस असे कालावधीही तीत दिले आहेत. 'जितके दिवस अधिक तितके सुरक्षित' ही जुनी समजूत आता टिकत नाही. अनावश्यक लांबविलेला प्रत्येक दिवस आतड्यातील जिवाणूंस प्रतिरोधाचा सराव देतो. रुग्णाने लिहिलेला कालावधी पुरा करावा, आणि लिहिणाऱ्याने तो विचारपूर्वक लिहावा, असा याचा अर्थ आहे. क्षयासारख्या व्याधीत मात्र महिनोन्महिन्यांचा ठरलेला क्रम एक दिवसही मोडता कामा नये. मात्रा अपुरी ठेवण्याचा धोका तर स्वतः फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानात सांगून ठेवला होता.

औषध विक्रेत्यांस विनंती

केंद्र शासनाने २०१३ साली अधिसूचित केलेली व १ मार्च २०१४ पासून अमलात आलेली 'अनुसूची एच-१' आपणांस ठाऊक आहेच. प्रारंभीच्या ४६ औषधांत तिसऱ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन, कार्बापेनेम आणि क्षयाची औषधे यांचा समावेश होता. ही औषधे चिठ्ठीविना देता येत नाहीत. लिहून देणाऱ्याचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध व त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंद ठेवून ती तीन वर्षे जपावी लागते. पाकिटावरील लाल रेषेचा अर्थ ग्राहकांस कळावा, म्हणून २०१६ साली मोहीमही झाली. केरळ शासनाने २०२४ मध्ये चिठ्ठीविना विक्री रोखण्यासाठी दुकानांवर अचानक तपासण्या सुरू केल्या.

परंतु कायद्यापेक्षा काउंटरवरील पाच शब्द अधिक काम करतात. 'मागच्या वेळची तीच पट्टी द्या' म्हणणाऱ्यास 'मागचा आजार हाच कशावरून, काका?' एवढे विचारणारा विक्रेता आमच्या गावात आहे. त्याचा धंदा त्यामुळे बुडालेला नाही. अर्धी पट्टी, दोन-दोन गोळ्या, जुन्या चिठ्ठीवर पुन्हा पुन्हा विक्री, हे प्रकार आपण मनावर घेतल्यास थांबू शकतात. आयुर्वेदीय फार्मसी चालविणाऱ्यांनीही काढ्याच्या वेष्टनावर 'नैसर्गिक अँटिबायोटिक' असे छापण्याचा मोह आवरावा. त्याने उपचारास विलंब होतो आणि शास्त्राची पत जाते.

आयुर्वेदाचे योगदान : कोठे, आणि कोठे नाही

हळद, तुळस, गुळवेल, कडुनिंब यांच्या अर्काने काचेच्या बशीत जिवाणूंची वाढ रोखल्याचे शोधनिबंध पुष्कळ आहेत. परंतु बशीतील सांद्रता रुग्णाच्या रक्तात साधते का, हा प्रश्न त्यांतून सुटत नाही. रक्तात पसरलेल्या प्रतिरोधी संसर्गावर काढ्याने मात करू, असे म्हणणे आज आपणांस शक्य नाही आणि ते आपण म्हणूही नये. वनस्पतिज औषधास प्रतिरोध होत नाही, हाही भ्रमच होय. चिनी परंपरेतील एका वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढणाऱ्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. मात्र त्याआधीच, २००६ मध्ये, हिवतापात हे औषध एकटे वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेस सांगावे लागले होते. आणि प्रतिरोधाच्या खुणा कंबोडियात २००८ मध्ये नोंदविल्या गेल्या.

मग आपले स्थान कोठे? चरकसंहितेच्या विमानस्थानात कृमिचिकित्सेचे अपकर्षण, प्रकृतिविघात व निदानपरिवर्जन असे तीन भाग सांगितले आहेत. कृमी म्हणजे आजचे जिवाणू, असे सरळ समीकरण आम्ही मांडत नाही; परंतु विचाराची ही चौकट येथे उपयोगी पडते.

अपकर्षण म्हणजे काढून टाकणे. पक्व विद्रधीचे भेदन करून पू काढणे ही सुश्रुतपरंपरेची शिकवण आजही पहिली चिकित्सा आहे, कारण साठलेल्या पुवात प्रतिजैविक नीट पोहोचत नाही. प्रकृतिविघात म्हणजे वाढीस पोषक परिस्थिती मोडणे. आमच्या रुग्णेच्या मधुमेहाकडे आम्ही जितके लक्ष द्यावयास हवे होते, तितके दिले नाही, हे येथे कबूल करतो. निदानपरिवर्जन म्हणजे कारण टाळणे. यात हात धुणे, उकळलेले पाणी, शौचालय आणि लसीकरणही आले. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडची संयुग्मी लस सार्वजनिक मोहिमेद्वारे एक लाखाहून अधिक मुलांना दिली. जो टायफॉइड झालाच नाही, त्याला प्रतिजैविक लागत नाही.

आणि आपले सर्वांत मोठे क्षेत्र म्हणजे ज्यांना प्रतिजैविकाची मुळात गरजच नाही, असे असंख्य रुग्ण. नवज्वरात लंघन, लघु पथ्य, षडंगोदक, विश्रांती आणि तिसऱ्या दिवशी पुनर्तपासणी. ही शिस्त आपल्या हाडीमांसी आहे. रुग्णास 'काहीच दिले नाही' असे वाटू न देता थांबण्याची कला आपल्या शास्त्राने आपणांस दिली आहे. मात्र थांबताना डोळे उघडे हवेत. श्वास लागणे, भ्रम वा ग्लानी, लघवी कमी होणे, नाडी क्षीण व जलद होणे, मान ताठरणे, तीन महिन्यांखालील अर्भकाचा ताप. यांपैकी काहीही दिसल्यास क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. तेथे प्रतिजैविक हेच प्राणरक्षक असते. आणि ते त्या दिवशी लागू पडावे, म्हणूनच आज ते जपावयाचे आहे.

एक प्रस्ताव

गेल्या काही वर्षांपासून आम्ही टेबलावर एक साधी वही ठेवली आहे. प्रतिजैविक लिहिले की तीत एक ओळ : तारीख, व्याधी, औषध, किती दिवस, आणि 'का?'. या शेवटच्या रकान्यात काय लिहावे हे सुचले नाही, तर चिठ्ठीवरील ते औषध आम्ही खोडतो. पहिल्या महिन्यात खाडाखोड आम्हासच लाजविणारी होती. आमच्या वाचकांनी अशी वही तीन महिने ठेवावी आणि आपापल्या शाखेच्या बैठकीत एकमेकांपुढे उघडावी, अशी आमची नम्र सूचना आहे. औषध विक्रेत्यांनाही त्या बैठकीस बोलवावे.

त्या रुग्णा आजही मधुमेहाच्या औषधासाठी आमच्याकडे येतात. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्यांना दिले : “मावशी, गोळ्या तुम्ही बरोबर घेतल्या. न तपासता लिहिल्या त्या आम्ही.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “आता तपासून लिवत जावा.” तेव्हापासून आम्ही तसेच करीत आहोत.